खिडकीत बसलेल्याला भीड ठेवून चालत नाही

सल्ला विचारणारं एक पत्र माझ्याकडं आलंय, ते थोडक्यात असं आहे.

खानापूर तालुक्यातला मुलगा, वय २१, बेळगावात इंजिनिअरिंगला, पाचवं सेमिस्टर, एक विषय बॅक. अनगोळात एका दोस्ताबरोबर रूम करून राहतो आणि दोघं रात्री कॉम्प्युटरवर स्पेस स्टेशन थर्टीन खेळतात. सहा महिने जॅनिटर, कुक, बारटेंडर असं करत करत तास भरले आणि आता त्याला हेड ऑफ पर्सोनेल, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडी हॉप, कुणाला कुठलं दार उघडायचं ते ठरवणारा, व्हायला मिळतंय. पहिल्याच आठवड्यात रूममेट असिस्टंट (ठरावीक काम नसलेला नवखा) होऊन हॉपच्या खिडकीला आला, इंजिनिअरिंगचा अ‍ॅक्सेस (म्हणजे तिथले दरवाजे उघडायची परवानगी) मागितला, म्हणाला सोलर पॅनलची वायरिंग करतो. इकडं शेजारच्या कॉटवरनं तोंडानं पण म्हणत होता, "दे की बे, काय होतंय." यानं दिला. तो त्या राउंडचा ट्रेटर, म्हणजे लपलेला गद्दार, निघाला. वीस मिनिटात त्यानं एमिटर बंद केले, सिंग्युलॅरिटी (इंजिनसाठी कोंडून ठेवलेलं कृष्णविवर) सुटली, अर्धं स्टेशन गिळलं, सुटकेचं शटल बोलवायला लागलं, आणि राउंड संपल्यावर सगळ्यांनी मिळून हॉपला धुतलं. पुढच्या चार राउंडला यानं शटर पाडूनच ठेवलं, कुणालाच काही दिलं नाही, तर एकानं खिडकीची काच फोडली आणि बाकीचे म्हणाले हा हॉप काही कामाचा नाही. रूममेटलाही नाही म्हणाला, तेव्हापासून तो धड बोलत नाही. वडील गावच्या पीकेपीएसमध्ये (शेतकऱ्यांच्या कर्जाच्या सोसायटीत) सेक्रेटरी आहेत, ते म्हणतात रात्र रात्र जागून फुकटची कारकुनी कशाला करूलास. मुलाचं विचारणं एवढंच: "अक्का, दिलं तरी शिव्या, नाही दिलं तरी शिव्या. हॉप सोडून कॅप्टनसाठी ट्राय करू का गेमच सोडू? का माझा स्वभावच असल्या कामाचा नाही?"

बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना वाटलं गेमचं पत्र आहे, तिसऱ्यांदा वाचताना कळलं की हे तर मी अकरा वर्षं ज्या खिडकीत बसले त्या खिडकीचं पत्र आहे, त्यामुळे आज जरा लांब लिहिणार आहे, आणि ज्यांचा या गेमशी काही संबंध नाही पण जे कुठल्यातरी खिडकीत, काउंटरवर, मंडळाच्या पेटीजवळ नाहीतर ग्रुपचा अ‍ॅडमिन म्हणून बसलेत त्यांनी पण वाचावं असं वाटतं.

आधी बाकीच्यांसाठी दोन शब्द. स्पेस स्टेशन थर्टीन हा जुना गेम आहे, २००३ मध्ये एक्सॅडव्ह-वन नावानं लिहिणाऱ्या एका माणसानं बायॉन्ड नावाच्या ऑनलाइन गेमच्या प्लॅटफॉर्मवर सुरू केलेला, नंतर लोकांनीच तो वाढवत नेला, आता एकेका सर्व्हरचे नियम, नकाशे सगळं वेगळं असतं. वरून बघितल्यासारखं साधं चित्र. अंतराळातलं एक स्टेशन, त्यात कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर, कुणी स्वयंपाकी, कुणी झाडू मारणारा, प्रत्येक जण खरा माणूस आणि एकमेकांशी टाइप करून बोलणं. यातले काही जण गुपचूप ट्रेटर असतात, ते बाकीच्यांना माहीत नसतं. एक राउंड साधारण तास दोन तास चालतो. स्टेशनवरचा दरवाजा गळ्यातल्या कार्डावर उघडतो, आणि कुणाच्या कार्डावर कुठला दरवाजा उघडणार हे ठरवणारं मशीन हॉपच्या केबिनमध्ये असतं. केबिनला खिडकी, खिडकीला शटर, बाहेर रांग, आत ईअन नावाचा एक कॉर्गी कुत्रा. माझा भाचा खेळतो, मी गेल्या दिवाळीत त्याच्या लॅपटॉपवर बॉटनिस्ट होऊन चार-पाच राउंड खेळलेय, गहू लावून किचनला पोचवलाय, आणि त्या रांगेत उभी पण राहिलेय, म्हणून हे ऐकीव सांगत नाही.

आता तुझ्याकडं येते. तुझ्या पत्रात एक गोष्ट तू धरूनच चाललायस, की दोस्तावर विश्वास ठेवला ही चूक झाली. म्हणून पुढचे चार राउंड शटर पाडलंस. मला वाटतंय इथंच गफलत आहे.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या टाइम ऑफिसात होते. लोखंडी जाळीची खिडकी, खाली हात जाईल एवढी फट, फटीच्या कडा लोकांचे हात घासून घासून गुळगुळीत झालेल्या. मस्टर, टोकन, रजेचे अर्ज आणि गेटपास हे माझ्याकडं. गेटपास दोन तऱ्हेचे असतात, रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. माल कायमचा बाहेर चालला तर नॉन-रिटर्नेबल, दुरुस्तीला जाऊन परत यायचा असला तर रिटर्नेबल, आणि दोन्हीवर त्या खात्याच्या साहेबाची सही लागते. एकदा दुपारी मोल्डिंगचा एक मुकादम कोअर बॉक्स (ओतकामाच्या साच्याचा एक भाग) दुरुस्तीला न्यायचा म्हणून आला. माझ्या माहेरच्या गावचा माणूस, माझ्या वडलांना काका म्हणणारा. साहेब जागेवर नव्हते. म्हणाला, "ताई, संध्याकाळी आणून ठेवतो, सही उद्या घेऊ की." मी पास फाडून दिला. कार्बन पेपर उलटा लागला होता, त्यामुळे माझ्या कॉपीवर काहीच उठलं नाही, ते पण त्या गडबडीत बघितलं नाही. तो बॉक्स नऊ दिवसांनी आला. मधे एक ऑर्डर थांबली, साहेबांनी मला बोलवून सगळ्यांसमोर विचारलं, आणि माझ्याकडं दाखवायला कागद नव्हता.

तो मुकादम चोर नव्हता. बॉक्स खरंच दुरुस्तीला गेला होता, मिस्त्रीकडं पडून राहिला, एवढंच. माणूस शंभर टक्के प्रामाणिक होता आणि तरी नुकसान झालं, कारण ज्याला माहीत असायला पाहिजे होतं त्या साहेबाला माहीतच नव्हतं. सही लागते ती त्यासाठी, माणूस चोर आहे म्हणून नव्हे.

तुझा दोस्त ट्रेटर नसता, खरोखर सोलरची वायरिंग करणार असता, तरी तू चीफ इंजिनिअरला न विचारता त्याला पूर्ण इंजिनिअरिंग उघडून दिलंस ते तसंच राहिलं असतं. एमिटरचं लॉक इंजिनिअरिंगच्या कार्डावर उघडतं, ते एमिटर चालू आहेत म्हणून कंटेनमेंट फील्ड, म्हणजे सिंग्युलॅरिटीभोवतीचं कुंपण, उभं आहे, आणि फील्ड आहे म्हणून सिंग्युलॅरिटी आपल्या जागेवर आहे. (बऱ्याच सर्व्हरवर आता त्याऐवजी सुपरमॅटर नावाचं दुसरं इंजिन असतं, पण तिथंही तेच, इंजिनजवळ नवखा माणूस नको.) त्याला यातलं काही येत नसतं आणि चुकून काहीतरी दाबलं असतं तरी स्टेशन गेलंच असतं. तेव्हा "कुणावर विश्वास ठेवायचा नाही" हा धडा यातनं घेऊ नको, तो धडा चुकीचा आहे आणि त्यानंच तुझं शटर चार राउंड बंद राहिलं.

मग चूक काय झाली? तू विचारलं नाहीस. आणि विचारलं का नाहीस, तर भीड. शेजारच्या कॉटवर बसलेला, एका ताटात जेवणारा दोस्त, त्याला "कशाला पाहिजे, कुणाला सांगितलंयस" असं विचारायचं म्हणजे जीभ अडखळते. माझी पण अडखळली होती, माहेरचा माणूस म्हणून. भीड भिकेची बहीण असं आपल्यात म्हणतात ते अशाच वेळी आठवतं, आणि आपल्या भागात तर ही भीड जरा जास्तच, तालुका लहान, सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात, नाही म्हटलं की लग्नात तोंड दाखवायची चोरी. पण ते मशीन तुझं नव्हे रे. मशीन स्टेशनचं, तुला राखायला दिलेलं. आपल्या खिशातले शंभर रुपये दोस्ताला द्यायला कुणाला विचारायला लागत नाही, मंडळाच्या वर्गणीतले द्यायचे म्हटले की विचारायला लागतं, आणि तेव्हा विचारलं म्हणून दोस्तीत खोट येत नाही.

विचारायचं काय ते सांगते. तीनच गोष्टी, सगळ्यांना त्याच, अनोळखी असो का दोस्त असो. काय काम आहे, त्या खात्याच्या हेडला सांगितलंय का, आणि किती वेळासाठी पाहिजे. खरं काम असणारा माणूस तिन्हीची उत्तरं पटकन देतो, बहुतेक वेळा खूश होऊन देतो, कारण कुणीतरी आपलं ऐकतंय. ज्याला नुसते सगळे दरवाजे पाहिजेत तो पहिल्याच प्रश्नाला चिडतो, आणि तो चिडला हीच माहिती तुला पुरे. मेडिकलमधलं काही मागितलं तर सीएमओला (चीफ मेडिकल ऑफिसरला) रेडिओवर विचार, सायन्सचं मागितलं तर आरडीला (रिसर्च डायरेक्टरला), इंजिनिअरिंगचं चीफ इंजिनिअरला. "एक असिस्टंट आलाय, सोलर करतो म्हणतोय, घेऊ का तुमच्याकडं?" एवढं टाइप करायला दहा सेकंद. हेड हो म्हणाला तर आता ती जबाबदारी दोघांची झाली आणि त्या हेडचं लक्ष पण त्या माणसावर राहील, जे तू खिडकीत बसून कधीच ठेवू शकला नसतास. त्या राउंडला त्या खात्याला हेडच नसला तर कॅप्टनला विचार, कॅप्टनही नसला तर मग तू ठरव, पण लहान काहीतरी ठरव.

लहान म्हणजे काय? मशीनवर एकेका दरवाजाला वेगळी खूण असते. माणूस इंजिनिअरिंग म्हणाला म्हणून सगळ्या खुणा करायच्या नाहीत. तुमच्या नकाशावर सोलरला जायला कुठला दरवाजा लागतो ते बघायचं आणि तेवढाच द्यायचा. एकदाच जाऊन यायचं असलं तर कार्डाला हातच लावू नको, एखाद्या इंजिनिअरला रेडिओवर सांग याला दार उघडून दे म्हणून. आणि त्याला खरंच राउंडभर तेच काम करायचं असलं तर चोरून-चोरून दरवाजे देण्यापेक्षा त्याची नोकरीच बदल, सरळ इंजिनिअर कर, म्हणजे तो चीफच्या हाताखाली गेला. हा तिसरा रस्ता नवीन हॉपच्या लक्षातच येत नाही, सगळे अ‍ॅक्सेसवरच भांडत बसतात. आर्मरी, कॅप्टनची खोली, असलं काही मागणारा आला तर मात्र तिथं तिसरा रस्ता नाही, त्याला सिक्युरिटीच्या हेडकडं पाठवायचं आणि पुढच्याला हाक मारायची.

माझा रिटर्नेबल गेटपास इथं चालतो बघ. गेममध्ये कागद आहे, पेन आहे, हॉपचा स्वतःचा रबरी शिक्का पण आहे. एक कागद घे, त्यावर नाव, काय दिलं, कधी दिलं, कधी परत घ्यायचं. दहा मिनिटांसाठी दिलं असलं तर दहा मिनिटांनी रेडिओवर हाक मार, "अमुक, खिडकीला या, कार्ड पूर्ववत करायचंय." आला नाही तर सिक्युरिटीला सांग. हा कागद असता तर परवा राउंड संपल्यावर सगळ्यांनी धुतलं तेव्हा तुझ्या हातात दाखवायला काहीतरी असतं, माझ्या उलट्या कार्बनसारखं झालं नसतं.

आता नाही म्हणण्याबद्दल. तुला वाटतंय नाही म्हटलं म्हणून लोक चिडले. मला तसं वाटत नाही. माझ्या वडलांबरोबर मी एकदा एका सरकारी खिडकीला गेले होते, उताऱ्यावरचं नाव दुरुस्त करायचं होतं, कुठलं ऑफिस ते सांगत नाही. पहिल्या दिवशी आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "नाळे बन्नी," म्हणजे उद्या या. दुसऱ्या दिवशी नाळे बन्नी. तिसऱ्या दिवशी पण तेच. वडलांना कन्नड चांगलं येत होतं, भाषेचा प्रश्न नव्हता, काय कमी आहे हेच कुणी सांगत नव्हतं. चौथ्या दिवशी तिथं दुसरा माणूस बसला होता, त्यानं पण नाहीच म्हटलं, पण अर्ज उलटून बघितला, पाठीमागं पेन्सिलनं तीन कागदांची नावं लिहिली, त्यातल्या दुसऱ्यापुढं "१२ नंबर खिडकी" असं लिहिलं आणि अर्ज परत दिला. वडील घरी येईपर्यंत त्या माणसाचं कौतुक करत होते. काम त्या दिवशीही झालं नव्हतं हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

तू चार राउंड शटर पाडून बसलास म्हणजे त्या पहिल्या माणसासारखा बसलास, आणि तू काही वाईट मनानं केलं नाहीस, घाबरून केलंस. पण बाहेर उभ्या राहिलेल्याला आतला माणूस घाबरलाय का माजलाय हे शटरमधनं दिसत नाही. "नाही, पण असं कर" असं म्हणत जा. केमिस्ट्री पाहिजे? आज केमिस्टची जागा भरलीय, पण बॉटनीत माणूस नाही, तिथं जातोस का, झाडांचा खेळ पण रसायनांचाच आहे. सगळे दरवाजे पाहिजेत? नाही देता येत, काय करायचंय ते सांग, त्यातलं काय जमतंय बघू. दर दोघा-तिघांत एक तरी ऐकतो, असा माझा अनुभव आहे, टाइम ऑफिसच्या खिडकीतला.

रांगेचं सांगते. राउंड सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं खरी गर्दी असते, नोकरी बदलून पाहिजे असलेले, नुसतेच टवाळक्या करायला आलेले, खिडकी बडवणारे. तेव्हा कुठं जाऊ नको, शटर उघडं ठेव, सोपी कामं आधी उरक, आणि रेडिओवर एकदा सांगून टाक की आज कुठल्या खात्यात जागा आहेत, म्हणजे निम्मी रांग तिथंच कमी होते. काउंटरवर एक कागद लिहून ठेव, हेडची परवानगी असेल तरच अ‍ॅक्सेस. मी पण त्या कोअर बॉक्सनंतर जाळीवर असा कागद लावला होता, सही नसेल तर पास नाही, सही अमुक साहेबांकडं, जागेवर नसतील तर तमुक. लोक मग माझ्याशी हुज्जत घालायच्या ऐवजी कागद वाचायला लागले, नाही म्हणायचं काम कागदानं केलं आणि माझ्या जिभेवरचं ओझं उतरलं.

आणि हे एक पाठच करून ठेव, मशीनमध्ये घातलेलं आपलं स्वतःचं कार्ड खुर्चीवरनं उठताना काढून घ्यायचं. पाणी प्यायला उठलास, ईअनला बघायला वळलास, कुणी बोलवलं म्हणून गेलास, आधी कार्ड काढ, मग शटर पाड, मग जा. नवीन हॉपचं स्टेशन जितकं भोळेपणानं जातं ना, त्याहून जास्त या विसरण्यानं जातं. काच फोडणाऱ्याच्या अंगावर धावून जायचं नाही, सिक्युरिटीला बोलवायचं, हॉप म्हणजे पोलीस नव्हे. खात्याच्या हेडनं एखाद्याला काढायला सांगितलं तर कार्डावरचे दरवाजे काढून घ्यायचे, ते तुझं काम, त्याला पकडून आणणं हे दुसऱ्याचं काम.

गर्दी संपली की खिडकीत बसून राहू नको. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तू पत्रात खिडकीशिवाय दुसरं काहीच लिहिलं नाहीस. कुक, बारटेंडर, बॉटनिस्ट, जॅनिटर, क्लाउन, माइम, चॅप्लेन हे सगळे तुझ्याच हाताखालचे, आणि सहा महिने तू त्यातलाच एक होतास. मी बॉटनीत होते तेव्हा एकदा हॉप येऊन विचारून गेला, गहू किचनला पोचतोय का, अजून एक माणूस पाहिजे का. दोनच वाक्यं. पण मला बरं वाटलं, आणि पुढं त्या हॉपची काच कुणी फोडायला लागला तर बारटेंडरच मधे पडला. जॅनिटरनं पुसलेल्या ओल्या फरशीवरनं घसरून पडणारे त्याला शिव्या घालतात, तेव्हा त्याच्या बाजूनं बोलणारा हॉप असला की तो पूर्ण राउंड मन लावून काम करतो. तू जॅनिटर होतास, तुला हे कुणी सांगायला पाहिजे असं नाही.

कॅप्टन होऊ का म्हणून विचारलंस. होऊ नको म्हणत नाही, पण पळून जायला म्हणून होऊ नको. बऱ्याच सर्व्हरवर कॅप्टन नसला की हॉपलाच ते बघायला लागतं, तेव्हा थोडी चव मिळेलच. आता खिडकीतनं एक-एक जण मागायला येतो, तिथं सगळ्या खात्यांचे हेड एकदम मागायला येतात, आणि कॅप्टनच्या जादा कार्डावर तर पूर्ण स्टेशनचा डोळा. भीड तशीच बरोबर घेऊन गेलास तर तिथं जास्त महाग पडेल. आधी इथं पंधरा-वीस राउंड नीट बस, मग बघ. स्वभाव कामाचा नाही वगैरे तर काढूनच टाक डोक्यातनं, शिव्या बसल्या म्हणून ज्याची झोप उडते आणि जो कुणालातरी पत्र लिहून विचारतो त्याला त्या मशीनची किंमत कळलेली असते.

इंग्लिशचं तू एका ओळीत लिहिलंस, की टाइप करायला वेळ लागतो आणि तोवर पुढचा ओरडतो. एका फाइलमध्ये सात-आठ वाक्यं तयार करून ठेव. "व्हॉट फॉर? हू अप्रूव्हड? हाऊ लाँग?" ही तर पहिलीच. मग हेडला विचारायचं वाक्य, नाही पण असं करचं वाक्य, पाच मिनिटात येतो हे वाक्य. तोडकं इंग्लिश असलं म्हणून कुणी कमी लेखत नाही, तिथं जगभरातले लोक असेच खेळतात. आणि तू बेळगावचा आहेस, रविवार पेठेत दुकानदार हमालाशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि फोनवर हिंदी असं एका दमात बोलतो, ते बघत वाढलायस, दोन-चार महिन्यात हे पण जिभेवर बसेल.

आता रूममेट. हे मी जरा कडक लिहिणार आहे. तुझ्या पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तू अर्ध्या ओळीत टाकलीस, शेजारच्या कॉटवरनं तो तोंडानं मागत होता ती. गेममधल्या त्याच्या माणसानं तुझ्या माणसाला फसवलं यात काही चूक नाही, तो ट्रेटर होता, तेच त्याचं काम होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं चांगलं केलं. पण गेमच्या बाहेर बोलून गेममधलं काम करून घेणं हे जवळजवळ सगळ्या सर्व्हरवर नियमाविरुद्ध आहे, दोघांनाही बॅन होऊ शकतो, आणि बाकीच्या पन्नास लोकांशी ते खोटं खेळणं होतं. तू अ‍ॅक्सेस खिडकीतल्या असिस्टंटला दिलाच नाहीस, कॉटवरच्या दोस्ताला दिलास. तुम्ही एका खोलीतनं खेळता हे अ‍ॅडमिनला आपणहून सांगा, आणि तू हॉप असशील तेव्हा एक तर त्यानं तो राउंड खेळू नये, नाहीतर दोघांनी कानाला हेडफोन लावून तोंड बंद ठेवावं, गप्पा सगळ्या राउंड संपल्यावर, चहा पिताना.

तो बोलत नाही याचं कारण मला वाटतं नकार नव्हे. आधी न विचारता दिलंस, नंतर न सांगता बंद केलंस, तुझ्याकडनं काय मिळणार हे त्याला कळेना झालं. तू त्याची माफी मागायची गरज नाही, त्यानं तुझी मागायची पण नाही. त्याला ते तीन प्रश्न सांग, "इथनं पुढं तू आलास तरी हेच विचारणार, मनात काही ठेवून नाही," एवढंच बोल. आणि तो एमिटरचा डाव त्यानं कसा टाकला ते त्याच्याकडनं ऐकून घे, त्याला सांगायचं असेलच, आठ दिवस पोटात धरून बसलाय.

राहिले वडील. जागण्याबद्दल ते बरोबर आहेत. सर्व्हर बहुतेक युरोपात नाहीतर अमेरिकेत, त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र नाहीतर पहाट, आणि हेडच्या पोस्टवर बसलं की मधेच उठून जाता येत नाही, जायला लागलं तर अ‍ॅडमिनला कळवून जायचं असतं. बॅकचा पेपर निघेपर्यंत शनिवारी रात्री एक राउंड, तो पण हॉप म्हणून एकच, असं स्वतःला घालून घे.

पण "फुकटची कारकुनी" म्हणाले ना, त्यावर गप्प बसू नको. ते पीकेपीएसचे सेक्रेटरी, म्हणजे खत आलं की रांग त्यांच्यापुढं, पीककर्जाचे अर्ज त्यांच्यापुढं, आणि रांगेत उभे असलेले निम्मे चुलते, मामा, सोयरे. इतकी वर्षं ते त्या जागेवर बसून गावात मान ठेवून आहेत म्हणजे भाऊबंदांना नाही कसं म्हणायचं हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असणार. या रविवारी खानापूरची गाडी धर. जेवणं झाल्यावर, ते अंगणात सुपारी कातरत बसतील तेव्हा, त्यांना सिंग्युलॅरिटी आणि एमिटर सांगत बसू नको, सरळ विचार: "पप्पा, सख्खा माणूस खिडकीला येऊन नियमात न बसणारं मागायला लागला तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता?" ते जे वाक्य सांगतील ते तुझ्या त्या फाइलमध्ये सगळ्यात वर लिही, आणि मलाही कळव.